वनजक्का आणि न झालेली सेमीफायनल

वनजक्काला घोड्याच्या लिदीची कधी घाण वाटली नाही. तिचे वडील नागोजीराव घोडेस्वार पोलिसांत हवालदार. लष्कर मोहल्ल्यातल्या घरी ते परत यायचे ते अंगाला तबेल्याचा वास घेऊनच. लहानपणी ती त्यांच्यामागे पागेत जायची, खरारा करायची, आजारी घोड्याच्या जबड्यात हात घालून औषधाचा गोळा आत सारायची. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात आलेले मराठे. घोडदळ गेलं, राजे गेले, राज्याचं नावही बदलून कर्नाटक झालं, पण त्या घरात घोडा तेवढा टिकून राहिला होता. अशा घरातल्या मुलीचं नाक नाजूक असायचं काही कारण नव्हतं.

तरी मी जिच्या हाताखाली फुटबॉल खेळले, त्या वनजक्काच्या तोंडी एक शब्द सारखा असायचा. किळस. सयाजीराव समोरून येताना दिसले की ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची. "भीती नाही गं गोदा," ती मला म्हणायची, "रागसुद्धा नाही आता. किळस येते. वाटीत झुरळ दिसल्यावर येते तशी."

ही किळस कुठून आली ते सांगायचं तर शारदाबाई कपापासून सुरुवात करायला हवी.

शारदाबाई स्मृती कप म्हणजे देशभरातल्या बायकांच्या फुटबॉल क्लबांची बाद स्पर्धा. एक सामना हरला की गाशा गुंडाळायचा. कुणा गिरणीमालकानं बायकोच्या नावानं चांदीचा मुलामा दिलेला, दोन कानांचा कप दिला होता. १९७६ साली पहिली स्पर्धा झाली. तेव्हा मुली राज्याच्या संघातून खेळायला लागल्या होत्या, पण आपल्या गल्लीचा, आपल्या क्लबचा संघ घेऊन देशभरातल्या क्लबांशी भिडायचं ही गोष्ट नवी होती. बंगालच्या, केरळच्या, गोव्याच्या, मणिपूरच्या मुली बिनरिझर्व्हेशनच्या डब्यात, बुटांच्या पिशव्या उशाला घेऊन यायच्या. दरवर्षी गाव बदलायचं. पुरुषांच्या फुटबॉलचे पुढारी तिला 'बायकांचा कप' म्हणायचे आणि म्हणताना एकमेकांकडे बघून हसायचे.

म्हैसुरात दामोदरराव नावाच्या निवृत्त ड्रिल मास्तरांनी मुलींचा 'तरुणी स्पोर्ट्स क्लब' काढला होता. मनानं चांगला, पण वजनदार माणूस समोर आला की आवाज हरवून बसणारा गृहस्थ. वनजक्का त्यांची कप्तान. दिवसा ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. कानाला फोन लावून दिवसभर परक्यांची भांडणं जोडून द्यायची आणि संध्याकाळी दोड्डकेरे मैदानावर बचावफळीच्या मधोमध उभी राहायची. पहिल्या वर्षी त्यांनी पहिल्याच सामन्यात सात गोल खाल्ले. दुसऱ्या वर्षी दोन सामने जिंकले. मग क्लबला कृष्णवेणी मिळाली.

कृष्णवेणी कृष्णराजनगरजवळच्या एका खेड्यातली, भातशेती करणाऱ्या घरची. म्हैसुरात मामाकडे राहून कॉलेजात शिकत होती. वीस वर्षांची. उंच, रुंद खांद्यांची, हाडापेरानं मोठी. आवाज घोगरा, केस कानाच्या खाली कापलेले, कारण लांब केस डोळ्यांवर आले की चेंडू दिसत नाही असं तिचं म्हणणं. गोलमध्ये ती उभी राहिली की गोल लहान दिसायचा. ती कन्नड बोलायची, वनजक्काही तिच्याशी कन्नडच बोलायची. मी ते सगळं इथं मराठीतून सांगते आहे.

१९७९ साली कप म्हैसुरात भरला. स्वागत समितीचे अध्यक्ष होते सयाजीराव. दारूचे ठेके, दोन लॉऱ्या, एक सिनेमागृह. वनजक्काच्याच मराठ्यांतले, तिच्या आईकडून लांबचे नातेवाईक. ती त्यांना मामा म्हणायची.

समितीनं गावभर पोस्टरं लावली ती सयाजीरावांच्या सिनेमाची चित्रं रंगवणाऱ्या पेंटरकडून करून घेतलेली. त्यावर चेंडू लिंबाएवढा आणि मुलीच्या मांड्या केळीच्या खुंटासारख्या. वनजक्कानं पहिलं पोस्टर के. आर. सर्कलला पाहिलं. खाली उभे असलेले दोघे चित्राला बोट लावून काहीतरी म्हणत होते. ती तशीच सायकल वळवून सयाजीरावांकडे गेली.

"मामा, हे काय लावलंय?"

"लोक यायला नकोत का, अम्मा? फुटबॉल बघायला कोण येतंय?"

लोक आले. मैदान भरून आले. बाहेरच्या संघांना एका जुन्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, उतरवलं होतं. तिथं ऐंशी मुलींना दोन संडास, त्यातल्या एकाला कडी नाही. छत्राचा रखवालदार त्याच बाजूला खुर्ची टाकून बसायचा. सामना चालू असताना माइकवरचा माणूस खेळाऐवजी मुलींच्या रंगाबद्दल बोलायचा, आणि कुणी चिखलात पडलं की लोक उठून उभे राहून शिट्ट्या मारायचे. गोल झाल्यावर एवढ्या शिट्ट्या नसायच्या. मणिपूरच्या मुली या सगळ्याकडे मान वर न करता खेळल्या आणि एका गोलनं हरून गेल्या. जाताना त्यांच्या कप्तानानं वनजक्काचा हात हातात घेतला आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "तुमच्या गावचे लोक चेंडू बघत नाहीत." म्हैसूर तिचं गाव होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याची लाज वाटली.

तरी तरुणी क्लब जिंकत गेला. उपांत्यपूर्व सामन्यात गोव्याच्या क्लबविरुद्ध कृष्णवेणीनं पेनल्टी अडवली. उजवीकडे झेपावून, जमिनीलगत, दोन्ही हातांनी. त्या दिवशी पहिल्यांदा शिट्ट्यांऐवजी टाळ्या ऐकू आल्या असं वनजक्का सांगायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला सेमीफायनल. समोर उत्तरेकडचा एक नावाजलेला क्लब होता. सकाळी दामोदरराव वनजक्काच्या घरी आले. पायरीवरच उभे राहिले.

"त्यांच्या मॅनेजरनं तक्रार केलीय," ते म्हणाले. "आपल्या कृष्णवेणीबद्दल."

"काय तक्रार?"

"ती... म्हणजे ती मुलगी आहे का, अशी."

वनजक्काला आधी हसू आलं. मग तिनं मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते हसत नव्हते. समितीनं तक्रार मान्य केली होती. सामन्याआधी तपासणी होणार होती.

समिती मैदानाच्या कडेला तंबूत बसली होती. वनजक्का गेली तेव्हा जेवण चाललं होतं. मटण पुलावाचं पातेलं मधे, पत्रावळीवर हाडांचे ढीग. सयाजीराव काडेपेटीच्या काडीनं दात कोरत होते. समोरच्या संघाचा मॅनेजर त्यांच्या शेजारी बसून नळी चोखत होता.

"कोण तपासणार?" तिनं विचारलं.

"एक नर्सबाई सांगून ठेवलीय," सयाजीराव म्हणाले. "पाच मिनिटाचं काम. आत न्यायचं, बघायचं, सोडायचं. आयितु, झालं."

"बघायचंच असेल तर इस्पितळात न्या. लेडी डॉक्टरकडे. आणि दोन्ही संघांतल्या सगळ्यांना न्या. माझ्यापासून सुरुवात करा."

मॅनेजरला कुणीतरी हे हिंदीत सांगितलं. तो हसला. आमच्या मुलींवर कुणाला संशय नाही, म्हणाला, आमच्या मुली मुलींसारख्या दिसतात. तंबूत सगळे हसले. हसताना सयाजीरावांच्या ओठावरचं शीत खाली पडलं, ते त्यांनी उचलून पुन्हा तोंडात टाकलं. वनजक्का ही गोष्ट सांगताना दरवेळी त्या शितापाशी थांबायची.

"चारला मॅच आहे, अम्मा. तिकिटं गेलीत. सुम्ने, उगाच वाढवू नकोस."

कृष्णवेणी खेळाडूंच्या खोलीत बुटांच्या नाड्या ओवत बसली होती. सगळ्यांना तोवर कळलं होतं, तिलाही. तिनं मान वर केली.

"अक्का, काय बघतात?"

वनजक्का तिच्याजवळ बाकावर बसली.

"मी जाऊन येते," कृष्णवेणी म्हणाली. "माझ्या एकटीपायी सगळ्यांचा खेळ जायला नको. पाच मिनिटं डोळे मिटून घेईन."

बाकीच्या मुली बूट चढवत होत्या. कपापासून दोन सामने दूर होत्या त्या, आणि त्यांतल्या एकीनंही जा म्हटलं नाही की जाऊ नकोस म्हटलं नाही. दामोदरराव दारात उभे राहून घड्याळ बघत होते.

"आधी मी खोली बघून येते," वनजक्का म्हणाली.

खोली म्हणजे पॅव्हिलियनखालचं कोठार. आत जाळी, खुंट, चुन्याच्या गोणी. एक टेबल पुसून मधे ओढलेलं आणि त्यावर एक पंचा अंथरलेला. नर्सबाई म्हणून आणलेली बाई खुर्चीवर बसून पान जुळवत होती. ती कुठल्या इस्पितळाची असं विचारल्यावर तिनं सयाजीरावांच्या सिनेमागृहाचं नाव घेतलं. तिथं ती बायकांच्या बाजूची तिकिटं फाडायची. मागच्या भिंतीला खिडकी होती, तिच्या फळ्या मोडलेल्या. वनजक्का बाहेरून वळसा घालून त्या खिडकीकडे गेली.

तिथं बाकडं आणून ठेवलं होतं. छातीला समितीचे बिल्ले लावलेले चारपाच बाप्ये त्यावर आधीच दाटीवाटीनं उभे होते. एकजण दुसऱ्याला म्हणत होता, सरक, मला काही दिसणार नाही. त्यांतल्या दोघांना ती ओळखत होती. एकाची बहीण तरुणी क्लबातच खेळायची. तिला पाहून ते खाली उतरलेसुद्धा नाहीत. एकानं नुसती मान फिरवली.

लिदीत वाढलेली ही बाई पॅव्हिलियनच्या मागे जाऊन ओकली. तोंड पुसून परत आली आणि कृष्णवेणीला म्हणाली, "बूट काढ. आपण घरी चाललोय."

"वनजा, दोन सामने," दामोदरराव म्हणाले. "दोनच. आपला कप..."

"मास्तर, त्या खिडकीमागे जाऊन या. मग सांगा."

मास्तर गेले नाहीत. ते तिथंच उभे राहिले. पुढे कधीही ते त्या खिडकीमागे गेले नाहीत, आणि त्यामुळे तिथं कुणी होतं हे आपल्याला ठाऊक नाही असं त्यांना आयुष्यभर म्हणता आलं.

पण खरी घाण तर पुढेच होती. अकराजणी पिशव्या खांद्याला लावून मैदानाच्या कडेनं फाटकाकडे निघाल्या, तेव्हा लोकांनी आरडाओरडा सुरू केला. सामना कुठाय, पैसे परत द्या. सयाजीरावांनी माइक हातात घेतला आणि कन्नडमधून, हळूहळू, एकेक शब्द तोलून सांगितलं की म्हैसूर संघाच्या गोलकीपरनं स्त्री असल्याची तपासणी करून घ्यायला नकार दिला आहे, म्हणून सामना समोरच्या संघाला देण्यात येत आहे. भरल्या मैदानावर. सगळ्या कर्ण्यांतून. मग एवढा हशा उठला की वनजक्का म्हणायची, तो मला पाठीवर लागला. संत्र्याच्या साली आल्या, शेंगांची टरफलं आली. कृष्णवेणी मधे आणि बाकीच्या तिच्याभोवती, अशा त्या फाटकातून बाहेर पडल्या.

वनजक्कानं तिला त्या खोलीपासून वाचवलं होतं. माइकपासून वाचवता आलं नाही.

समोरच्या संघानं दोन दिवसांनी फायनल जिंकली. कप देण्याआधी नाचगाण्याचा कार्यक्रम झाला. त्यांच्या कप्तानाला वनजक्का जाऊन भेटली होती, छत्रात. तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण पायाची पट्टी गुंडाळायचं थांबली नाही. "आम्हाला मॅनेजर सांगतात तेवढं आम्ही करतो," ती म्हणाली. पुरुषांचं तर सोडा, असं वनजक्का म्हणायची, पण ती पट्टी गुंडाळणारे हात मी विसरू शकत नाही.

आठवडाभरात ही गोष्ट कृष्णराजनगरपर्यंत पोचली, आणि पोचेपर्यंत तिचा आकार बदलला. म्हैसुरात बाई बनून खेळणारा पुरुष सापडला म्हणे. कृष्णवेणीचं लग्न ठरत आलं होतं, ते मोडलं. मुलाच्या घरच्यांनी मोडताना कारणही सांगितलं नाही. घरासमोरून माणसं उगाच जायला लागली. आजवर कधी न आलेल्या शेजारणी हळदीकुंकवाच्या निमित्तानं येऊन तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून जायच्या.

लग्न मोडल्याचं कळल्यावर नागोजीराव दोन दिवस नेहमीसारखे पागेत गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी परेडचा पूर्ण पोशाख चढवला, फेटा बांधला, बिल्ले लावले आणि लेकीला घेऊन बसनं कृष्णवेणीच्या गावी गेले. तिच्या घराच्या ओट्यावर सगळ्या गावाला दिसेल असे दुपारभर बसले. तिच्या वडिलांना म्हणाले, "तुमची मुलगी मी माझ्या मुलीसारखी ओळखतो. वाईट काही घडलं असेल तर ते आमच्या माणसांनी केलंय, तिनं नाही." वडिलांनी मान हलवली, ताक दिलं. पण निघताना म्हणाले की मुलगी आता खेळायला येणार नाही. कृष्णवेणी बाहेरच आली नाही.

त्यानंतर दामोदरराव एकदा घरी आले. कॉफीचा पेला हातात घेऊन बसले आणि म्हणाले की त्यांनी समितीसमोर हात जोडून क्लबतर्फे माफी मागितली आहे. मुलींना कप्तानानं भडकवलं असं सांगितलं आहे. वनजावर दोन वर्षं बंदी, पण क्लब वाचला.

"तुम्ही माफी मागितलीत?"

"क्लबसाठी, अम्मा. आपल्या पोरींसाठीच ना."

वनजक्कानं त्यांच्या हातातला पेला काढून घेतला. कॉफी अर्धी होती. ती आत गेली, मोरीत कॉफी ओतली आणि मास्तर जाईपर्यंत बाहेर आली नाही. सयाजीरावांचं तिला नवल वाटलं नव्हतं. मास्तरांनी तिला चेंडू मारायला शिकवलं होतं.

शारदाबाई कपाचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. आणखी तीन वर्षं तो इकडंतिकडं भरला. मग खरी संघटना कुणाची यावरून पुढाऱ्यांचे दोन तट पडले. दोघांनीही कप आपलाच म्हणून सांगितलं, आणि तो कुणाच्या तरी कपाटात कुलपाबंद पडून राहिला. मुलींना कुणी विचारलं नाही. ज्या क्लबांनी इतकी वर्षं घरच्यांशी भांडून संघ उभे केले होते ते एकेक करून मोडले. तरुणी क्लबही गेला. वनजक्कानं लग्न केलं नाही. करायचं नव्हतं असं नाही, पण जी दोन स्थळं आली त्यांनी आधी त्या तपासणीचंच विचारलं. बंदी संपल्यावर तिनं स्वतःचा छोटा क्लब काढला. कामावरून सुटली की दोड्डकेरे मैदान, आणि तिथं ज्या येतील त्या मुली. मी १९९६ साली त्यांच्यात गेले. आमचं घर ब्राह्मणांच्या अग्रहारातलं, वडील बँकेत. घरात फुटबॉल शब्दही नव्हता. मला तिनं उंचीमुळे गोलमध्ये उभं केलं.

१९९८ साली कोणत्या तरी कंपनीच्या मदतीनं कप पुन्हा सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षी तो भरवायचा मान म्हैसुराला मिळाला. अध्यक्ष सयाजीराव. वय झालेलं, दात नवे बसवलेले, कपाळाला अंगारा. ते वनजक्काच्या घरी आले तेव्हा मी तिथं होते. जुन्या खेळाडूंचा सत्कार करायचा होता आणि कपाच्या इतिहासावर दोन शब्द बोलायला त्यांना ती हवी होती.

"मागचं मागे, अम्मा," ते म्हणाले. "त्या काळी कुणाला काय कळत होतं."

ती म्हणाली, कळवते. ते गेल्यावर ते बसले होते ती चटई तिनं झटकून उन्हात टाकली.

इतिहास सांगायची तिची तयारी होती, खोली आणि खिडकीसकट. पण ती गोष्ट एकटीची नव्हती. रविवारी आम्ही दोघी रेल्वेनं नंजनगूडला गेलो. कृष्णवेणी तिथं सूतगिरणीत मुकादम होती. तिथल्याच एकाशी तिचं लग्न झालं होतं, मुलगी कॉलेजात जायला लागली होती. इतक्या वर्षांत दोघी दोनतीनदाच भेटल्या होत्या. मी तिला पहिल्यांदा पाहिलं. दारातून आत येताना ती सवयीनं मान वाकवायची.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बेडा, अक्का, नको," ती म्हणाली. "तू बोलशील, लोक टाळ्या वाजवतील, आणि मग माझ्याकडे बघतील. परत वरपासून खालपर्यंत. माझी मुलगी इथं राहते."

"बरं," वनजक्का म्हणाली.

येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "बघ गोदा, घाण केली त्यांनी, आणि तोंड बंद ठेवायचं आम्ही. याला म्हणायचं काय?"

सत्काराला ती गेली नाही. पण आमचा संघ खेळला. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी तिनं खेळाडूंच्या खोलीच्या खिडक्यांना आतून खाकी कापड ठोकून घेतलं, दाराला स्वतःचं कुलूप लावलं आणि आम्ही कपडे बदलताना बाहेर खुर्ची टाकून बसली. समितीच्या एका माणसानं विचारलं, मॅडम, आता पूर्वीसारखं कुठं आहे? तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो निघूनच गेला.

उपांत्यपूर्व सामना आम्ही हरलो. दुसरा गोल माझ्या चुकीनं झाला. चेंडू हवेत असताना मी रेषा सोडून पुढे गेले नाही. सामना संपल्यावर मी खाली मान घालून बसले होते तेव्हा समोर निळ्या साडीतली एक बाई येऊन उभी राहिली. कृष्णवेणी. कुणाला न सांगता नंजनगूडहून आली होती. नमस्कार नाही, चौकशी नाही.

"पुढे का येत नाहीस?" ती म्हणाली. "कशाला भितेस? चेंडू तुझाच असतो."

तेवढ्यात सयाजीराव हातात चहाचा कप घेऊन आले. हरलेल्या संघाची पाठ थोपटायची त्यांना हौस. वनजक्का उठून बाजूला झाली. सयाजीरावांनी या उंच बाईकडे पाहिलं आणि कन्नडमधून विचारलं, "तुम्हीपण जुन्या खेळाडू का? कुठल्या साली खेळलात?"

"एकोणऐंशी," कृष्णवेणी म्हणाली. "मी ती तपासायची राहिलेली."

आवाज तसाच घोगरा, चढा नाही. आजूबाजूला समितीची माणसं होती, आम्ही मुली होतो. सयाजीरावांचा चेहरा बदलेल म्हणून मी बघत होते. तो बदलला नाही. त्यांना आठवायला थोडा वेळ लागला, एवढंच. मग ते "हां, हां" म्हणाले, नव्या दातांनी हसले आणि चहाचा घोट घेतला. "फार पूर्वीची गोष्ट," ते शेजारच्याला म्हणाले. "गंमत झाली होती एकदा."

ते चहा पीत पुढच्या संघाकडे गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की वनजक्का कोणत्या गोष्टीला किळस म्हणते.

कृष्णवेणी मात्र शांत होती. तिनं वनजक्काला विचारलं, "या पोरीला गोलचं कोण शिकवतं?"

"कुणी नाही. मला काय कळतंय त्यातलं."

"ते दिसलंच."

पुढच्या रविवारी ती सकाळच्या गाडीनं आली. त्यानंतर जमेल तेव्हा येत राहिली. साडीचा पदर खोचून ती मला चेंडू फेकायची, जोरात, दयामाया न करता. तिची मुलगी एकदोनदा बरोबर आली आणि कडेला बसून कंटाळली. त्या दोघी बायका आपापसांत जुनं काही बोलताना मी कधी ऐकल्या नाहीत. डबा खायच्या, भावाबहिणींच्या चौकश्या करायच्या.

सयाजीराव २००३ साली गेले. त्या वर्षीचा कपही म्हैसुरात होता आणि आमच्या सामन्याआधी समितीनं दोन मिनिटं शांतता पाळायची ठरवली. बायकांच्या फुटबॉलचे आधारस्तंभ, असं माइकवरून सांगण्यात आलं. सगळे उभे राहिले. दोन्ही संघ रांगेत, पंच टोपी काढून, प्रेक्षक हात बांधून. वनजक्का बाकावर बसून राहिली. मी तोवर खेळणं सोडलं होतं, शाळेत शिकवत होते. मी तिच्याशेजारी होते. माझ्यानं उठवेना आणि बसवेना, शेवटी बसलेच.

आणि उत्तरेकडच्या गोलमध्ये कृष्णवेणी आमच्या नव्या राखीव गोलकीपरला चेंडू फेकत होती. तिनं थांबायचा प्रयत्नच केला नाही. सगळं मैदान गप्प, आणि तेवढा एक आवाज येत होता. चेंडू हातमोज्यांवर आदळण्याचा. समितीचा एक माणूस हातानं खुणा करत तिच्याकडे पळत गेला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि पुढचा चेंडू आणखी जोरात फेकला.

आमच्या क्लबला त्याबद्दल ताकीद मिळाली. सामना आम्ही दोन-एकनं जिंकलो आणि पुढच्याच फेरीत हरलो. संध्याकाळी समितीनं सगळ्या संघांना चहाला बोलावलं होतं. वनजक्कानं मुलींना सांगितलं, ज्यांना जायचंय त्यांनी जा. तिघीचौघी गेल्या. आम्ही बाकीच्या कृष्णवेणीला गाडीत बसवायला स्टेशनवर गेलो आणि तिथल्या स्टॉलवर चहा प्यालो.